चार चित्रांची उलटी ओळ

इंगोलश्टाट, १४ मे २०१६

चि. सौ. इरा,

आशीर्वाद तर आहेतच, ते काही पत्राच्या पहिल्या ओळीपासून सुरू होत नाहीत.

फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. फोन कसा, दारात उभा राहून कडी वाजवत राहतो. पत्र बिचारं पेटीत पडून राहतं, मनात येईल तेव्हा उघडावं. पाकिटावरचा कायझर्सलाउटर्नचा पत्ता गौरांगने लिहून दिला, आतलं सगळं माझं. त्याने वाचलेलं नाही.

सोमवारी जाताना म्हणालीस, "अहो आई, विद्यापीठात थोडं काम निघालंय, दोन-चार दिवसांत येते." मी डब्यात थालीपीठं दिली, तू घेतलीस. मग कपाट आवरताना पाहिलं तर तुझं थंडीचं जाड जॅकेट जागेवर नव्हतं. मे महिन्यात दोन-चार दिवसांसाठी कोणी जाड जॅकेट नेत नाही, एवढं सासूलाही कळतं.

गौरांग म्हणतो, तिथल्या संशोधनाच्या जागेने तुझ्या डोक्यात घर केलंय. जुलैपासून तीन वर्षं. तू हो म्हणालीस तर संसार दोन गावांत होणार, मध्ये चार-पाच तासांची आगगाडी. इथे एवढे मोटारींचे कारखाने आहेत, तिलाही मिळेल की कधी ना कधी काहीतरी, असं त्याचं म्हणणं. मला त्यातलं कळत नाही. पण तू चिडलीस ती त्या चित्रांवरून, असं तो म्हणाला, आणि ती चित्रं मी आणली. म्हणून लिहायला बसले.

गौरांगच्या मित्राच्या, कपिलच्या ऊर्मिलाबरोबर मी फ्लोमार्क्टला, त्या जुन्या बाजारात गेले होते ना, तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्याच्या टेबलावर चार चौकटी सुट्या पडल्या होत्या. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची छापील चित्रं, वरून हाताने रंग भरलेला, असं ऊर्मिलाने विचारून सांगितलं. चारही चित्रांत तेच नवरा-बायको. तो उंच कॉलरचा, ती फुगीर बाह्यांची. खाली जुन्या वळणाची काटेरी अक्षरं, ती ऊर्मिलालाही लागेनात. मी म्हटलं, असू दे गं, चित्राला अक्षर कशाला? माझी शाळा सातवीत सुटली. ब्लाउज बेतायला मी मासिकातली चित्रं बघून शिकले, क्रोशा तसाच शिकले. चित्रं ओळीने लावली की गोष्ट आपोआप कळते, हा माझा जन्माचा भरवसा.

तर मी ओळ लावली. पहिल्यात दोघं एकाच कोचावर पाठीला पाठ करून बसलीत, मध्ये कुत्रं आणि मांजर एकमेकांवर गुरगुरतायत. दुसऱ्यात कडाक्याचं भांडण, ताटली हवेत, त्याने कान झाकलेत. तिसऱ्यात तो वर्तमानपत्र वाचतोय, ती मोजा विणतेय, सगळं निवांत. आणि चौथ्यात बागेतलं बाक, दोघांत एक छत्री, आणि तो तिला स्ट्रॉबेरी भरवतोय. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, या परक्या मुलखातही संसार आमच्यासारखाच चढत जातो की.

कारण आमचं तसंच झालं. गौरांगच्या बाबांना मी लग्नाआधी धड पाहिलंसुद्धा नव्हतं, बशी पुढे करताना त्यांचा हात तेवढा दिसला. पहिलं वर्ष आम्ही एका खोलीत दोन पाहुण्यांसारखे राहिलो. मग भांडायला लागलो, म्हणजे ओळख झाली. मग भांडणंही दमली. ते रेडिओ लावायचे, मी शिलाईमशीन चालवायची. आणि गौरांग कॉलेजला गेला त्या वर्षी एका संध्याकाळी मिरज स्टेशनबाहेरच्या बाकावर त्यांनी पेरू कापला आणि मोठी फोड मला दिली. वीस वर्षांनी! आमची ओळ अशी, म्हणून मी तुमचीही तशीच लावली.

तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला पाहुण्यांपुढे मी सुखाने नांदा अशा अर्थाचंच काहीतरी बोलले. सगळे हसले. तूही हसलीस असं मला वाटलं. मनात काही राहिलं असेल तर सोडून दे आणि घरी परत ये. पंचवीस जूनला फ्रँकफर्टहून माझं विमान आहे. तुम्हा दोघांना एका घरात बघून जाऊ दे.

तुझी,
आई

इंगोलश्टाट, २४ मे २०१६

चि. इरा,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. पण आज एक झालं, ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही.

खालच्या मजल्यावरच्या हूबरबाई. परवा त्यांनी रबार्बरचा केक दिला होता, आपल्या अंबाडीसारखा आंबट. रिकामी ताटली कशी परत करायची, म्हणून मी रव्याचे लाडू घालून नेली. बाईंनी एक लाडू दारातच तोंडात टाकला आणि गप्पा मारायला माझ्यामागोमाग वर आल्या. गप्पा म्हणजे काय, त्या बवेरियाच्या, मी मिरजेची, आम्हा दोघींत सामाईक शब्द एक, 'गूट', म्हणजे छान. तेवढ्यावर आमचं महिनाभर झकास चाललंय.

जेवणाच्या टेबलापाशी आल्या आणि भिंतीकडे बघून थबकल्या. चष्मा लावला, एकेका चौकटीखालचं वाचलं आणि अशा हसायला लागल्या की त्यांनी खुर्चीचा आधार घेतला. मग "ना, ना, ना!" करत माझ्यादेखत चारही चौकटी खिळ्यांवरून उतरवल्या. मला वाटलं, बाई चळली. तर त्यांनी बाकाचं चित्र नेऊन सगळ्यांत आधी टांगलं. मग वर्तमानपत्राचं. मग ताटलीचं. पाठीला पाठ सगळ्यांत शेवटी. आणि खालच्या अक्षरांवर बोट ठेवून मला लहान मुलासारखं शिकवलं. 'वोखे' म्हणजे आठवडा, 'मोनाट' म्हणजे महिना, 'यार' म्हणजे वर्ष, हे मला इथे येऊन ठाऊक झालंय. पहिला आठवडा. पहिला महिना. पहिले सहा महिने. पहिलं वर्ष.

म्हणजे कौतुक नव्हतंच ते, टवाळी होती! लग्न कसं उतरत जातं, याची चार चित्रांत उडवलेली खिल्ली. वर्षभराचीच कथा, त्यामुळे दोघं चारही चित्रांत तेवढीच तरुण. केस पिकले असते तर मला पत्ता तरी लागला असता.

हूबरबाईंनी आपल्या बोटातल्या अंगठीवर टिचकी मारली, शेवटच्या चित्राकडे बघून खांदे उडवले आणि डोळे पुसले. ते हसून आलेलं पाणी होतं की दुसरं कसलं, हे विचारायला माझ्याकडे शब्द नव्हता.

त्या गेल्या, आणि मला त्या संध्याकाळचं माझं वाक्य आठवलं. मागच्या पत्रात मी ते तूप लावून लिहिलं होतं. खरं वाक्य तुला पाठ असेल. कपिल, ऊर्मिला, गौरांगच्या ऑफिसातली मराठी माणसं, सगळ्यांसमोर मी त्या पाठीला पाठ लावलेल्या दोघांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा आमचे गौरांग आणि इरा! तीन वर्षं झाली, अजून इथेच बसलेत!"

मला पुढे म्हणायचं होतं, घाबरू नका रे, अजून तीन चित्रं बाकी आहेत. पण हशा उठला आणि त्यात ते बुडालं. आणि तू, जुनी जर्मन पुस्तकं चाळणारी, तेवढ्या सगळ्यांत ती अक्षरं वाचू शकणारी एकटी तू, त्या बोटाखाली काय वाचत होतीस! यांचं संपलं, असं सासूने चार माणसांत जाहीर केलं.

त्यानंतर पंधरा दिवस त्याच भिंतीकडे तोंड करून माझ्या हातची आमटी जेवलीस. मी आपली वाढतेय, "घे गं अजून, वाळलीस." तू घेतही होतीस.

चित्रं मी तळघरात नेऊन ठेवली. पण जे बोलले ते कुठे नेऊन ठेवू? माफ कर, असं लिहिते. लिहिताना ते किती हलकं वाटतं, तेही मला दिसतंय.

आई

इंगोलश्टाट, ५ जून २०१६

इरा,

तुझं पत्र आलं. एकच पान, पण मी ते दिवसभर वाचतेय.

तू लिहिलंस, "अहो आई, तुम्ही ओळ उलटी लावलीत हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. पण ते न कळता केलंत की कळून, हे समजेना. म्हणून त्या रात्री गौरांगला चारही ओळी वाचून दाखवल्या आणि विचारलं, आईंना माहीत आहे का? तो म्हणाला, आईला सगळं कळतं."

आज तो शर्टांना इस्त्री करत होता. मी पत्र त्याच्यापुढे धरलं नाही, ते तुझं माझं आहे. नुसतं विचारलं.

"ती अक्षरं मला लागत नाहीत, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"अगं आई, आल्झो... म्हणजे... आता काय त्याचं? तुला सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

"मला वाटू नये म्हणून तिला वाटू दिलंस?"

"तसं नाही गं. तेव्हा ती रोज त्या जागेचा विषय काढायची. मला वाटलं, तुला आवडत नाहीये असं तिला वाटलं तर जरा गप्प बसेल. तुझा धाक म्हणून."

"माझा धाक? अरे, मला इथल्या सरकत्या जिन्याचा धाक वाटतो. माझा कुणाला वाटणार?"

त्याला हसू आलं नाही. इस्त्री तशीच उभी धरून म्हणाला, "तू आहेस तोवर ती भांडणार नाही, हे मला माहीत होतं." आणि मग, अगदी हळू, "मी काय वाईट मागतोय आई? घरी आल्यावर घरात माणूस असावं, एवढंच ना?"

काय सांगू तुला, मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो नंतर. आधी वाटलं, उठावं आणि त्याला जवळ घ्यावं. पोर खरंच एकटं आहे. पण एकटेपणा घालवायला त्याने बायकोच्या पायात माझी बेडी अडकवली, आणि मला विचारलंही नाही.

आता माझंही ऐक. पहिलं पत्र मी त्याच्या सांगण्यावरून लिहिलं होतं. "आई, तुझं ती ऐकेल," म्हणाला. त्याने वाचलेलं नाही असं मी त्यात लिहिलं, ते खोटं. वाचलं होतं. परत ये, हे वाक्य माझ्या कच्च्या कागदात नव्हतं, त्याने घालायला लावलं. मलाही ते नको होतं असं नाही.

आणि दुसरं. मी आले तेव्हापासून तू बैठकीत झोपायचीस. "रात्री वाचत बसते अहो आई, गौरांगला उजेड चालत नाही." मी उठायच्या आत तुझ्या अंथरुणाची घडी झालेली असायची. इरा, मी लवकरच जागी व्हायची. तुझी घडी होईपर्यंत मुद्दाम खोलीत बसून राहायची. मला वाटायचं, मी तुझी अब्रू राखतेय. आता वाटतं, तेव्हाच दार उघडून तुझ्या शेजारी येऊन बसले असते तर तू काही बोलली असतीस.

म्हणजे ते वाक्यही अगदीच भाबडं नव्हतं. तुम्ही पाठीला पाठ आहात हे मला दिसत होतं, म्हणून तर त्या जुन्या बाजारात ती चित्रं उचलली. म्हटलं, औषध सापडलं! मुलांना दाखवू की इथून सुरुवात झाली तरी पेरूपर्यंत जाता येतं. पण मी पेरूपर्यंत गेले ते काही शहाणपणाने नव्हे. मला जायला दुसरं ठिकाणच नव्हतं, म्हणून बसून राहिले, आणि बसून राहिल्यावर वीस वर्षांनी एक चांगली संध्याकाळ आली. ती आली हे माझं नशीब. ते मी सगळ्यांना नियमासारखं सांगत फिरले.

तू लिहितेस, महिनाअखेरपर्यंत सही करून कागद द्यायचे आहेत, आणि अजून हात होत नाही. गौरांगचं म्हणणं, इराला विमानतळावर बोलाव, जाता जाता तू सांगितलंस तर ती तुझा शब्द मोडणार नाही. तर मी बोलावतेय. ये. पण मी काय सांगेन ते मला स्वतःलाच माहीत नाही. मला खरं काय ते कळतंय, आणि मी त्याची आई आहे. दोन्ही एका तोंडाने कसं बोलायचं, ते अजून जमलेलं नाही.

आई

मिरज, १७ जुलै २०१६

इरा,

सही केल्याचं तुझं पत्र काल आलं. नवीन खोलीतून चर्च दिसतं, प्रयोगशाळा चालत जाण्यासारखी आहे, शेजारची मुलगी नाशिकची निघाली, हे सगळं दोनदा वाचलं. बरं वाटलं.

तुला विमानतळावरच्या त्या दिवसाबद्दल लिहायचं राहिलं होतं. तू आलीस तेव्हा इतकी वाळलेली दिसलीस की मला आधी खाऊच आठवला, आणि तो सगळा सामानात गेलेला. गौरांगने तिघांना कॉफी आणली. तुझ्या कॉफीत त्याने साखर घातली होती. तीन वर्षांत त्याला कळलं नाही, की घाईत विसरला, देव जाणे. तू ती तशीच प्यायलीस. मी ते बघत होते.

आणि मग तो म्हणाला, "आई, सांग ना तिला."

घरून निघाल्यापासून मी गाडीत वाक्य जुळवत होते. अर्धं तुझ्या बाजूचं, अर्धं त्याच्या. थोडे दिवस इथे, थोडे दिवस तिथे, दोघांनी थोडं थोडं सोडा, असलं काहीतरी गोड. तुझ्याकडे बघितलं तर तू पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होतास, निकाल ऐकायला उभी राहिल्यासारखी. मी काही म्हटलं असतं तरी तू मान्य केलं असतंस. तेवढ्यानेच माझं ते वाक्य मोडलं.

"सही केलीस?" मी विचारलं.

"नाही अजून."

"कर."

भाषण करणार होते, दोन अक्षरांत आटपलं. गौरांग "आई!" एवढंच म्हणाला. लहानपणी दारात बोट चेमटलं तेव्हा म्हणाला होता, तसं. मग वाकून पाया पडला, बॅग सरळ केली, पासपोर्ट हातात दिला, सगळं नीट केलं. माझ्याकडे बघितलं मात्र नाही. तू मिठी मारलीस तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होते, हे तुला जाणवलं असेल. रागावू नकोस.

इथे समोरची मधू रोज येते. "सून कशी आहे हो?" "कायझर्सलाउटर्नला संशोधन करते." "आणि गौरांग?" "इंगोलश्टाटला." "अगंबाई! मग संसार कुठे?" मी म्हणते, चहा घेतेस का? मग ती चहा घेते आणि जाऊन गल्लीला सांगते. सांगू दे.

तो पूर्वी रविवारी फोन करायचा, तासभर. आता निरोप येतो, "बरा आहे. तू औषधं घे." मी केला की उचलतो, हो-नाही करतो, मीटिंग आहे म्हणतो. रविवारी कसली मीटिंग! तुमचं पुढे काय ठरलं, तेही तो सांगत नाही, आणि तू लिहिलंस की तुलाही नाही. मी बरोबर केलं, असं मन ठामपणे सांगतं. पण बरोबर केल्याचं समाधान म्हणतात ते घरात कुठेच सापडत नाहीये. मला तुम्ही दोघंही हवी होतात, आणि एकाच घरात. हा हट्ट शहाणा नव्हता, पण होता.

तू मात्र काम सोडू नकोस. कोणी काही सांगितलं, मी पुढे कधी रडत फोन केला, तरी नाही. त्या दिवशीचा माझा शब्द धर, नंतरचा धरू नकोस.

ऊर्मिलाचा फोन आला होता. म्हणाली, गौरांग हल्ली रोज ब्रेडवर भागवतो. कधी त्याच्याशी बोलणं झालंच, तर विचार गं, कुकरमध्ये डाळ लावतोस का म्हणून. मी शिकवलंय त्याला, पाणी कमी घालतो आणि करपवतो.

हे लिहायचं नाही, असं ठरवून बसले होते. पण शाईने लिहिलं गेलंय, खोडलं तर जास्तच दिसेल. तू तेवढी ओळ सोडून वाच.

आई